अपर बॉडी, लोअर बॉडी

माझ्या घरमालकाच्या डोक्याला मार लागलेला आहे, हे मला त्याच्या बेसमेंटमध्ये अर्धा हिवाळा काढल्यावर कळलं. तोवर मी त्याला शिष्ट समजत होते. तसं समजायला कारणही होतं. कॅनडातल्या मिल्टनमध्ये डिसेंबरात सूर्य बड्या साहेबासारखा उशिरा येतो आणि लवकर जातो. त्यात हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात, पडदे ओढून, काळा गॉगल लावून बसलेला. जागा बघायला गेले तेव्हा तो इतका हळू बोलत होता की मला वाटलं, आत कुणीतरी झोपलंय. कुणीही झोपलेलं नव्हतं. डोळे आलेत का, असं मी विचारलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "अपर बॉडी."

मी समजल्यासारखी मान डोलावली. नव्या देशात पहिली काही वर्षं माणूस मुख्यतः हेच करतो.

तो व्यवसायानं हॉकीपटू होता. बर्फावरची हॉकी. हे नागपूरला आईच्या गळी उतरवायला मला बरेच व्हिडिओ कॉल लागले. बर्फावर खेळतात? हो. पायाला धारदार पाती लावून? हो. आणि मारामारी झाली तर? तर पंच बाजूला उभे राहून बघतात, आणि दोघं दमले की त्यांना थोडा वेळ वेगवेगळ्या खोक्यांत बसवून ठेवतात. "म्हणजे माझी शाळाच की," आई म्हणाली. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे.

या खेळात एक रीत आहे. खेळाडू जखमी झाला तर टीम नेमकं कुठं लागलंय ते सांगत नाही, कारण समोरचे लोक शोधून तिथंच मारतील. म्हणून माणसाचे कमरेपाशी दोन भाग करतात, अपर बॉडी आणि लोअर बॉडी. करंगळी दुखावली तरी अपर बॉडी, आणि मेंदू हादरला तरी अपर बॉडी. खेळाडू परत कधी येणार, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: डे-टू-डे. म्हणजे आज नाही, उद्या बघू. आपल्याकडे सरकारी ऑफिसांनी ही भाषा घडवायला पिढ्या खर्ची घातल्या. इथं ती जखमेला लावतात.

माझ्या मालकानं ती घरालाही लावली होती. छत गळायला लागलं, अपर बॉडी. घर तापवणारी फर्नेस बंद पडली, लोअर बॉडी. ड्रायर वर्षभर डे-टू-डे होता. एकदा वॉशरूमचा फ्लश चालेना म्हणून मी वर गेले, तर तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "लोअर बॉडी. पण आम्हाला त्याच्याकडून आशा आहे."

साधं बोलणं त्याला येतच नव्हतं. लहानपणापासून मॅच संपली की कुणीतरी तोंडासमोर माइक धरायचं, आणि काहीही न सांगता दोन मिनिटं बोलायची त्याला सवय लागली होती. आज बर्फ शोव्हल करणार आहेस का, असं विचारलं की म्हणायचा, "आपण आपला साधा खेळ खेळायचा. फार पुढचा विचार करायचा नाही. एका वेळी एक ड्राइव्ह-वे." मग खरोखर एका वेळी एक करत तो आमचा, शेजाऱ्यांचा आणि समोरच्यांचा ड्राइव्ह-वे साफ करायचा, कडा पट्टीनं आखल्यासारख्या. हे काम त्याला डॉक्टरनं मना केलं होतं. खाली वाकलं की त्याला जग फिरल्यासारखं व्हायचं. अर्थात हेही मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की हा मधेच फावडं टेकून आकाशाकडे बघत उभा राहतो. मला वाटायचं, निसर्गप्रेमी असेल.

आपण मोठे खेळाडू नाही, हे तो स्वतःच सांगायचा. वरच्या लीगमध्ये कुणी आजारी पडलं की त्याला बोलावणं यायचं. बाकी सगळं आयुष्य खालच्या लीगमध्ये, बसमधून गावोगाव. म्हणजे जन्मभर बदली शिक्षक. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. समोरचा गोल करायला निघाला की वाटेत उभं राहायचं, आणि उभं राहून भागलं नाही तर त्याला कडेच्या फळ्यांवर आदळायचं. असा हा माणूस घरात कपाटाला धडकला तर कपाटाला सॉरी म्हणायचा.

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची, लोकांचे दात साफ करून द्यायची. नवऱ्याचे पुढचे दोन दात हॉकीनं नेले होते आणि खोटे बसवलेले तो हरवून बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण बाई खमकी होती. बोलायची कमी, आणि बोलली की तेवढ्यावर विषय संपायचा.

आमच्यातला पडदा दूर केला तो कुकरनं. नागपूरहून आणलेला माझा कुकर शिट्टी अशी द्यायचा की आजूबाजूच्या चार घरांना आमचं वरण कळावं. एका रविवारी दुसरी शिट्टी झाली आणि जिन्यात हा उभा. चेहरा पांढराफटक, हात भिंतीला. मला वाटलं आता भांडण. तर त्यानं आधी सॉरी म्हटलं, मग मला विचारलं की या गाडीचं काही टाइमटेबल असतं का, म्हणजे त्या वेळेला तो बाहेर जाईल. आमचं ठरलं की शिट्टीआधी मी मेसेज करायचा. पुढचे काही आठवडे मी इमानदारीनं मेसेज करत राहिले, आणि हा फिरायला जात असेल असं समजत राहिले. मग एकदा गॅरेजमध्ये बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी आणायला गेले तर हा अंधारात बंद गाडीत बसलेला, कानांवर हात ठेवून.

मी वर जाऊन त्याच्या बायकोला विचारलं. तिनं भांडी पुसता पुसता सगळं सांगून टाकलं, जणू मी आधीच विचारायला हवं होतं. मागच्या सीझनमध्ये त्याचं डोकं फळीवर आपटलं होतं. पहिल्यांदा नव्हे. तेव्हापासून उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, वाचायला घेतलं की ओळी हलतात. टीम बाहेर अपर बॉडी सांगते. कॉन्ट्रॅक्ट वसंतात संपणार, आणि त्याआधी तो एकदा तरी खेळताना दिसला नाही तर पुढं त्याला कुणी विचारणार नाही.

"बरा होईल का?" मी विचारलं.

"डे-टू-डे," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मी इलेक्ट्रिक कुकर आणला, बिनशिट्टीचा. आईला हा घराण्याचा अपमान वाटला. कारण सांगितल्यावर मात्र ती म्हणाली, "काहून बाई, डोक्याला मार बसतो तर डोकं घेऊन तिथं जायचंच कशाला?" कॅनडातल्या एकाही तज्ज्ञाला इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. मग तिनं इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी ब्राह्मीचं तेल पाठवलं. गडी ते श्रद्धेनं चोपडायचा. त्याच्या उशा हिरव्या झाल्या आणि बायकोनं मला एक आठवडा फक्त गुड मॉर्निंग म्हटलं.

आमची वसाहत नवी होती. बिल्डरनं एकच घर काढलं होतं आणि तेच डोंगराच्या पायथ्यापर्यंत पुन्हा पुन्हा बांधलं होतं. तीच विटांची भिंत, तेच गॅरेज, तेच खुजं झाड. फेब्रुवारीत एकदा हा शेजारच्या पंजाबी अंकलच्या घरात शिरला, बूट काढले, फ्रिज उघडून दूध प्यायला आणि सोफ्यावर बसून राहिला. अंकल वरून खाली आले तेव्हा यानंच त्यांना विचारलं, काही हवंय का? अंकल मला हिंदीत सांगत होते, "कोई बात नहीं बेटा, मैं भी दो बार गलत घर में घुसा हूँ." सगळी गल्ली हसली. प्रत्येकाकडे आपापला एक चुकलेल्या घराचा किस्सा होता. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चुका शोधायचे मला पैसे मिळतात. ज्या चुकीला सगळे मिळून हसतात ती कुणी नोंदवत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव. मीही हसले होते.

त्याच सुमाराला तो खाली यायला लागला. काम होतं माझ्याकडे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला परत बर्फावर सोडण्याआधी डॉक्टर एक चाचणी घेतात. शब्द वाचून दाखवतात, ते लगेच म्हणायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे. महिने उलटे सांगायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. तर मी रोज संध्याकाळी त्याला शब्द वाचून दाखवावेत, अशी त्याची विनंती होती. बायकोला सांगू नये, ही दुसरी.

मला मजा वाटली. केळं, घोंगडी, पेन्सिल, मासा. सुरुवातीला दोन आठवायचे. मग तीन, मग सगळे. इंग्रजी शब्द सोपे झाले तेव्हा मी त्याला मराठी दिले. सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्याचा तो अवाढव्य मुलगा माझ्या खोलीत एका पायावर उभा राहून "पळी, झारा, उलथनं, सांडशी" म्हणायचा, आणि आईला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, उच्चार तुझ्यापेक्षा शुद्ध आहेत. डिसेंबर ते जानेवारी तर तो एका चालीवर म्हणायचा. तसं चालीवर म्हटलं तर तो कुठं अडखळायचा नाही.

मात्र एकदा मधेच फोन वाजला आणि त्याची चाल तुटली. मी म्हटलं, बरं, ऑगस्टपासून पुढं कर. तो माझ्याकडे बघत राहिला. ऑगस्टच्या आधी काय येतं ते त्याला सांगता येईना. पुन्हा डिसेंबरापासून सुरू केलं तर सगळं घडाघडा.

आमच्याकडे असं सॉफ्टवेअर असतं. चाचणीत शंभर टक्के पास, आणि ग्राहकाकडे गेलं की पहिल्या दिवशी कोसळतं, कारण लिहिणाऱ्यानं ते काम करण्यासाठी लिहिलेलंच नसतं, चाचणीसाठी लिहिलेलं असतं.

"तू बरा झालेला नाहीस," मी म्हटलं. "तू परीक्षा पाठ केलीयस."

तो परत एका पायावर उभा राहिला होता, डोळे मिटून. डोळे न उघडता म्हणाला, "सगळेच करतात."

"मी यापुढं शब्द वाचणार नाही."

त्यानं पाय खाली ठेवला आणि माझ्या खुर्चीत बसला. ती खुर्ची त्याच्या मानानं फार लहान होती. मला वाटलं, आता तो आपला साधा खेळ वगैरे काढणार. पण तो पहिल्यांदाच माइकसमोर नसल्यासारखा बोलला.

"मागच्या वेळी मला स्ट्रेचरवरून नेलं. बायको प्रेक्षकांत होती. मला फक्त एक मॅच पाहिजे. एकदा तिच्यासमोर बर्फावरून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर यायचंय. मग बास."

तरीही मी शब्द वाचले नाहीत. त्यानं ते काम फोनवर सोपवलं. फोनला मतं नसतात.

बायकोला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. वायाच घालवले. मी वर गेले तर तिनंच विचारलं, सांडशी म्हणजे काय? इकडच्या घरांत गरम हवेचे पाइप भिंतींतून वर जातात, आणि हवेबरोबर बेसमेंटमधलं सगळं बोलणंही जातं. पहिल्या दिवसापासून ती वर उभी राहून ऐकत होती.

"मग थांबव ना त्याला," मी म्हटलं.

"मी अडवलं तर थांबेल तो," ती म्हणाली. "पण मग बायकोनं अडवलं म्हणून थांबलेला माणूस जन्मभर माझ्या घरात राहील. असा माणूस माझ्या आईनं सांभाळलाय. मी बघितलंय ते."

तो चाचणी पास झाला. उत्तम गुणांनी, असं म्हणतात. डॉक्टर खूश, कोच खूश. टीमनं जाहीर केलं की अपर बॉडीतून तो पूर्ण सावरला आहे.

मॅच रविवारी दुपारी होती. आम्ही दोघी गेलो. खालच्या लीगची रविवारची मॅच म्हणजे जत्रा असते. गालांना रंग फासलेली पोरं, पॉपकॉर्न, आणि गोल होवो न होवो, कान फाटेल असं संगीत. प्रत्येक भोंग्याला मी बाकावर त्याला शोधत होते. बायको मात्र हातमोजे मांडीवर ठेवून सरळ बसली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी.

आणि तो खेळला. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की हा माणूस घरात जसा चालतो तसा इथं चालत नाही. घरात तो फर्निचरची माफी मागत फिरायचा. इथं सगळे त्याला वाट देत होते. बर्फावर गॉगलही नव्हता. एकदा त्यानं एकाच्या पुढ्यातून टोणा इतक्या अलगद काढून घेतला की मीही ओरडले. टोणा म्हणजे ती रबराची काळी चकती. तिला मराठीत शब्द नाही, म्हणून मी आईसाठी हा पाडला होता.

दुसऱ्या भागात कोपऱ्यात एक धक्का बसला. फार मोठा नव्हे, अशा धक्क्यावर प्रेक्षक पॉपकॉर्नमधून मानही वर करत नाहीत. तो उठला, घसरत बाकांकडे गेला. दोन्ही टीमचे बाक एकाच बाजूला, शेजारी शेजारी असतात. आमची टीम लाल, पाहुणे पांढरे. हा लाल कपड्यातला माणूस शांतपणे फळी ओलांडून पांढऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं समोरची बाटली उचलली आणि पाणी प्यायला.

सगळं स्टेडियम हसलं. मोठ्या पडद्यावर ते पुन्हा दाखवलं, खास विनोदी संगीत लावून, आणि लोक पुन्हा हसले. पांढऱ्या बाकावरची पोरंही एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. माझ्या शेजारी बायको उभी राहिली होती आणि हसत नव्हती. मला शेजारच्या अंकलचा फ्रिज आठवला.

त्याच्या बाजूला पांढऱ्यांचा एक आडदांड गडी बसला होता, मोडक्या नाकाचा. बायकोनं मला नंतर सांगितलं की हे दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी मारामारी करत आलेले, याचे गेलेले दोन दात त्याच्याच नावावर होते. तोही आधी हसला. मग त्यानं वाकून याच्या डोळ्यांत बघितलं. त्याचं हसू गेलं. त्यानं आपला हात याच्या छातीवर आडवा टाकला, गाडीत आई पोरासमोर टाकते तसा, आणि याला उठू दिलं नाही. कोच काहीतरी ओरडला, पंच आले, तरी हात निघाला नाही. डॉक्टर येईपर्यंत तो तसाच बसून होता, आणि मग स्वतः याच्या काखेत हात घालून, सगळ्यांसमोर, त्यानं याला बर्फावरून बाहेर नेलं.

घरी येताना बायको गाडी चालवत होती, तो तिच्या शेजारी, मी मागे. बाहेर लख्ख दुपार होती आणि बर्फावरून ऊन उसळत होतं. तिनं स्वतःचा स्कार्फ काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला होता.

"मी चालत बाहेर आलो का?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "चालत आलास."

थोडं अंतर गेलं. "मी चालत बाहेर आलो का?"

"चालत आलास."

मिल्टनपर्यंत तो हेच विचारत राहिला आणि ती दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देत राहिली. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी टीमनं निवेदन काढलं. अपर बॉडी, डे-टू-डे.

तो पुन्हा खेळला नाही. आणि कुणी अडवलं म्हणून नव्हे. थोडं बरं वाटल्यावर तो स्वतःच डॉक्टरकडे गेला आणि चाचणी कशी पाठ केली ते, चालीसकट, म्हणून दाखवलं. डॉक्टरला ते ऐकायला फारसं आवडलं नाही असं दिसतं. आता तो गावातल्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करतो. मंद दिवे, जाड गालिचे, आणि मोठ्यानं बोलायला बंदी. त्याच्यासाठी स्वर्गच. पुस्तकं चुकीच्या कपाटात जातात कधीकधी. शोधणारे कुरकुरतात, आणि तो सॉरी म्हणतो. वाचताना ओळी अजून थोड्या हलतात, पण तो म्हणतो की मुखपृष्ठं हलत नाहीत, आणि काम तेवढंच आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं. मी कामावरून ट्रेननं आले, तर मागच्या अंगणात, झाडाच्या नसलेल्या सावलीत, दोन दांडगे पुरुष खुर्च्या टाकून बसलेले. एक आमचा मालक, दुसरा मोडक्या नाकाचा. दूरच्या गावाहून एकटाच गाडी चालवत आला होता. बायकोनं सांगितलं की दोघं दुपारपासून बसलेत आणि अजून एक वाक्य झालेलं नाही. तिनं त्यांना सरबत दिलं होतं. माझ्या आईच्या हिशेबात हे दोघं एकमेकांचे वैरी, आणि मी तिला नंतर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की सरबत एकाच जगमधून दिलं का.

मी जवळ गेले तसा मालक उठून उभा राहिला, इतका सावकाश की पाहुण्यानं नकळत अर्धा हात पुढं केला. मालकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी ओळख करून दिली. मग त्याची.

"हा माझ्या टीममधला," तो म्हणाला.

हे तो विसरून म्हणाला की आठवून, ते मी विचारलं नाही. मोडक्या नाकाच्या गड्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि मान डोलावली. "हो," तो म्हणाला, "एकाच टीमचे आम्ही."